मितवल्लीच्या गाडीचा हीटर

वाळवंटातल्या आमच्या खार्ग्यात कुणाला जुनी गाडी घ्यायची असली, की तो आधी उस्ता मितवल्लीला गाठायचा, मग पैशाची जुळवाजुळव करायचा. उस्ता म्हणजे कसबी कारागीर, आणि मितवल्ली पत्रा ठोकणारा. चेपलेला दरवाजा, मुरगळलेलं मडगार्ड, दुमडलेलं छत, काहीही त्याच्या शेडमध्ये आणून टाका, तो सरळ करून द्यायचा. पण त्याचं नाव झालं ते त्याच्या उजव्या हातामुळे. मधल्या बोटाचं पेर तो बॉनेटवर वाजवायचा, मग डोळे मिटून तळवा रंगावरून सावकाश फिरवायचा आणि सांगायचा, इथे पुट्टी भरलीय, इथे रंग दुसऱ्यांदा मारलाय, आणि हे मात्र फाब्रिका. फाब्रिका म्हणजे कारखान्यातून निघाला तोच रंग. आमच्याकडे जुन्या गाडीचा भाव या एका शब्दावर ठरतो. इंजिन काय, उघडता येतं, बदलता येतं, कारखान्याचा रंग एकदा गेला की गेला, असं आमचे लोक म्हणतात. ते इतक्या ठामपणे म्हणतात, की इंजिनाची चौकशी करणाऱ्यालाच बावळट ठरवतात.

मितवल्लीचा शब्द कधी खोटा पडला नव्हता. कहवाखान्यात त्याच्यासाठी खुर्ची रिकामी व्हायची. तो गाडी बघायला निघाला, की विकणारा आधीच भाव उतरवायला लागायचा आणि घेणारा उगाचच छाती काढून चालायचा. आणि हा माणूस स्वतः मात्र सायकलवर फिरायचा. एवढ्या गाड्या हाताखालून गेल्या, मनात भरावी अशी एकही निघाली नाही, असं तो म्हणायचा. खरं कारण असं, की आमच्या वस्तीत पत्रा ठोकून पोट भरतं, गाडी येत नाही.

त्याची बायको नबविया आजारी पडली आणि सगळंच बदललं. छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर दर आठवड्याला औषधाची बाटली लावायला वाळवंट ओलांडून असियूतला जायचं ठरलं. डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं, की एकदा सुरू केलं की मध्ये खंड पडता कामा नये. पहिले काही आठवडे ती दोघं मायक्रोबसनं गेली. औषध घेऊन परतताना नबवियाला उलट्या व्हायच्या. ती तोंडाशी पिशवी धरून खिडकीकडे वळून बसायची. एकदा पिशवी फाटली. पुढच्या बाकावरच्या माणसानं आपला झब्बा झटकला, आणि ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, "उस्ता, गाडी उद्या लग्नाच्या वऱ्हाडाला लावलीय. वास कसा काढायचा, तेही सांगून ठेवा." दोघे-तिघे हसले. नबविया तशीच घरी आली. दारात चपला काढताना म्हणाली, की आता ती मायक्रोबसमध्ये पाय ठेवणार नाही. मेली तर घरात मरेल, लोकांच्या मांडीवर नाही.

मितवल्लीनं तिला समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी रडून पाहिलं. ती बधली नाही. मग एके सकाळी तिनंच हातातल्या बांगड्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या आणि गाडी घे म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांवर हात फिरवलास, आता एकदा आपल्या गाडीवर फिरव.

नबवियाचा धाकटा भाऊ गाबिर मेकॅनिक होता. त्याचं गॅरेज मितवल्लीच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर. दोघांचं भांडण नव्हतं, पण एक जुनी चढाओढ होती. गाबिर म्हणायचा, लोक गाडी घेतात चालवायला आणि बघतात मात्र नवरी बघितल्यासारखी. मितवल्ली म्हणायचा, इंजिनाचं रडगाणं गायल्याशिवाय तुम्हा लोकांचं पोट भरत नाही. असियूतच्या शुक्रवारच्या गाडीबाजाराला मितवल्ली निघाला, तेव्हा गाबिर सोबत येतो म्हणाला. मितवल्लीनं नको म्हटलं. साऱ्या गावाला गाड्या घेऊन देणारा माणूस स्वतःच्या गाडीसाठी मेव्हण्याचा हात धरून जाणार, हे त्याला पटणारं नव्हतं.

"बरं, मग एवढं तरी करा," गाबिर म्हणाला. "सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा आणि आत बोट घाला, गाळ लागतो का बघा. तुमच्या बोटाला एवढी अक्कल आहे, तर ते एकदा आतही जाऊ द्या."

मितवल्ली हसला आणि निघाला.

गाडी त्याला पहिल्या तासातच सापडली. मळकट पांढरी, जुनी, पण चारी दरवाजे, बॉनेट, डिकी, छत, सगळं कारखान्याचं. त्यानं पेर वाजवलं, तळवा फिरवला, पुन्हा फिरवला. एवढ्या वर्षांत सगळा रंग शाबूत असलेल्या गाड्या त्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच भेटल्या होत्या. बाजारात भोवती माणसं जमली होती, दोघांनी त्याला ओळखलंही, आणि विकणारा गाडी सावलीत लावून निवांत उभा होता. मितवल्लीनं इंजिन सुरू करून आवाज ऐकला, बरा वाटला. झाकणाची आठवण त्याला झाली. पण एवढ्या लोकांपुढे उस्ता मितवल्ली बॉनेटखाली वाकून रेडिएटरमध्ये बोट घालतोय, हे चित्र त्याला काही बरं दिसेना. त्यानं हात पुसले आणि सौदा केला.

गाडी दारात आली तेव्हा गल्ली लोटली. आमच्याकडे नवी गाडी आली की रक्त सांडतात. नबवियानं पाळलेला बोकड कापला, आणि रीतीप्रमाणे तिनं रक्तात तळवा बुडवून बॉनेटवर उमटवला. दुसऱ्यांच्या गाड्यांवर असे पंजे दिसले की मितवल्ली खेकसायचा, रंग खाऊन टाकतं ते, लगेच धुवा म्हणायचा. बायकांनी त्याची टर उडवली, आता उस्ता स्वतःच बादली घेऊन धावणार म्हणाल्या. नबविया मात्र म्हणाली, "राहू दे ना अबू वफा. माझा हात आहे." अबू वफा म्हणजे वफाचा बाप, आणि वफा त्यांची मुलगी, लग्न होऊन दूर पोर्ट सईदला. पंजा राहिला.

पहिल्याच फेरीला घाट लागला. खार्ग्याहून असियूतचा रस्ता खोलगटातून वर पठारावर चढतो. अर्ध्या चढावर मितवल्लीनं पाहिलं, तापमानाचा काटा वर सरकत होता. जुलै महिना, मागून वारा, बाहेर भट्टी. त्याला कुठल्याशा ट्रकवाल्यानं सांगितलेली युक्ती आठवली. इंजिन तापलं की हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनातली आग थोडी गाडीच्या आत निघून येते. त्यानं कळ फिरवली. डॅशबोर्डातून गरम हवेचा लोट आला. काटा खाली उतरला.

नबवियानं डोक्यावरची ओढणी तोंडावर ओढली आणि हे काय म्हणून विचारलं. मितवल्ली म्हणाला, हीटरची कळ अडकलीय, जुनी गाडी आहे, करून घेऊ.

असियूतला पोचेपर्यंत ती भिजून चिंब झाली होती. परतताना तीच कथा. औषध अंगात, पोटात ढवळतंय, खिडकीतून वाळवंटाची झळ, आणि पायांवर हीटरची वाफ. तिनं एवढंच सुचवलं, की गाबिरला दाखव, तो एका तासात कळ मोकळी करून देईल. मितवल्ली हो म्हणाला.

त्यानं दाखवलं नाही. इथे मला त्या माणसाचा राग येतो, आणि तरी मी त्याच्या जागी काय केलं असतं हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. गाबिरपुढे बॉनेट उघडायचं म्हणजे झाकण उघडायचं. झाकण उघडायचं म्हणजे सांगायचं, की तू म्हणालास ते मी केलं नाही. गाबिर तोंडाचा वाईट नव्हता, पण त्याच्या गॅरेजमध्ये चार रिकामटेकडे कायम बसलेले. संध्याकाळी कहवाखान्यात बातमी गेली असती, उस्तानं स्वतःलाच फसवून घेतलं. मग त्यानं आजवर हात लावलेल्या प्रत्येक गाडीचा मालक आपल्या गाडीकडे संशयानं बघू लागला असता. मितवल्लीजवळ दुसरं काही नव्हतं. पोर दूर, बायको आजारी, शेड भाड्याची. होतं ते एवढंच, की त्याचा शब्द पडत नाही.

तेव्हा तो असियूतच्या एका अनोळखी मेकॅनिककडे गेला. नबविया बाटली लावून पडलेली असताना त्या माणसानं थर्मोस्टॅट काढून फेकला आणि आता बर्फासारखी थंड राहील म्हणून सांगितलं. एक फेरी बरी गेली. पुढच्या फेरीला काटा पुन्हा चढला, आणि हीटर पुन्हा सुरू झाला. मितवल्लीनं डिकीत पाण्याचा मोठा कॅन ठेवायला सुरुवात केली, रेडिएटरचं झाकण टाळून बाजूच्या जादा पाण्याच्या डब्यात ओतायला. पाणी आपल्या विहिरीचं, लोखंडानं तांबडं झालेलं. आमच्याकडे ते पाणी पांढरे कपडे पिवळे करतं, नळ बुजवतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मितवल्लीलाही ठाऊक होतं. पण चढावर गाडी थांबवून बायको उतरायच्या आत पाणी ओतून टाकायची त्याला इतकी घाई असायची, की तो विचार करत नसे.

एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली होती. नबवियानं हीटरबद्दल बोलणं बंद केलं होतं. ती घरातून निघतानाच ओलं फडकं घेऊन बसायची. चढ जवळ आला की मितवल्लीचा हात कळीकडे जायच्या आधी फडकं तोंडावर घ्यायची आणि डोळे मिटायची. उलटी आली तर खुणेनं सांगायची. त्याला वाटलं, सवय झाली बिचारीला. माणसाला जे सोयीचं असतं तेच त्याला वाटतं.

शेजारणींना ती गाडीबद्दल सांगायची ते ऐकण्यासारखं होतं. अंग हलत नाही, आरामात झोप लागते, उस्तानं हात फिरवून घेतलीय, असल्या गोष्टीत त्याला कोण फसवणार. मितवल्ली शेडमध्ये बसून हे ऐकायचा आणि त्याला बरं वाटायचं.

सगळ्यात वाईट फेरी ऑगस्टच्या शेवटी झाली. त्या दिवशी पहाटेच निघायचं ठरलं होतं, पण नबवियाला उभं राहवेना. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती निघाली. चढाच्या पायथ्यालाच काटा निम्म्याच्या वर. हीटर पूर्ण. पहिल्या वळणावर मितवल्लीनं थांबून कॅनमधलं पाणी ओतलं. दुसऱ्या वळणावर पुन्हा थांबला, तर कॅन रिकामा. तो कॅन हातात उलटा धरून उभा होता. तेवढ्यात खिडकीची काच खाली झाली आणि नबवियाचा हात बाहेर आला. हातात तिची प्यायच्या पाण्याची बाटली होती.

"हे घाल," ती म्हणाली.

त्यानं घातलं. तिनं फडकं पुन्हा तोंडावर ओढलं. गाडी पुन्हा निघाली.

घाटमाथा दिसायला लागला आणि बॉनेटखालून पांढरी वाफ उसळली. इंजिन ठोके द्यायला लागलं. मितवल्लीनं गाडी कडेला घेतली, उतरला, बॉनेट वर केलं. आता त्याला एकच दिसत होतं, झाकण उघडायचं. बाजारात उघडायचं राहिलं होतं ते. त्यानं झब्ब्याचं टोक हातावर गुंडाळलं आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण फिरवलं. अशा वेळी झाकणाला हात लावायचा नाही, हे कुठलाही मेकॅनिक झोपेत सांगेल. उकळतं तांबडं पाणी कारंज्यासारखं उडालं. उजवा हात बोटांपासून मनगटापर्यंत भाजून निघाला. तो रस्त्यावर बसला. नबविया गाडीतून उतरली. जिला सकाळी उभं राहवत नव्हतं, ती त्याच्याकडे चालत आली, त्याच्या हातावर सावली धरून बसली, आणि खजुराचा ट्रक येईपर्यंत तशीच बसून राहिली. पाण्याचा थेंब दोघांजवळ नव्हता.

ट्रकवाल्यानं दोघांना असियूतला सोडलं. मितवल्लीच्या हाताला मलमपट्टी झाली. नबवियाचं रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी बाटली लावायला नकार दिला. शरीरात पाणीच उरलं नाही, मूत्रपिंडं थकलीत, अशा अवस्थेत औषध दिलं तर औषधच मारेल, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, की प्रवासात पाणी पीत नाही का, उन्हात बसवून आणता का हिला. मितवल्लीनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी नबवियाच म्हणाली, "नाही हो डॉक्टर, गाडी आहे आमची. चांगली आहे. मलाच पाणी जात नाही."

खंड पडला. पुढच्या आठवड्यात मूत्रपिंडं सावरली नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. औषध पुन्हा सुरू झालं तोवर गाठ फुफ्फुसात पोचली होती. हे गाडीमुळे झालं असं कुणी डॉक्टर म्हणाला नाही. मितवल्लीला कुणी म्हणायची गरज नव्हती. थंडीत नबविया गेली. शेवटच्या दिवसांत तिला हुडहुडी भरायची आणि तो तिच्यावर घोंगड्यांवर घोंगड्या टाकायचा.

गाडी गाबिरनं घाटातून ओढून आणली होती. मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचे पाहुणे निघून गेल्यावर तो किल्ली घेऊन मितवल्लीकडे आला. दोघं शेडमध्ये काळा चहा घेऊन बसले. गाबिरनं सांगितलं, की इंजिनाचं हेड उघडून बसवलं, पण मूळ दुखणं रेडिएटरचं. विकणाऱ्यानं गळती लपवायला आत कसली तरी पूड टाकलेली, नळ्या निम्म्या बुजलेल्या, आणि उरलेल्या आपल्या विहिरीच्या पाण्यानं बुजवल्या. पहिल्या दिवशी आला असतात तर नळ्या खोलून साफ करायला आणि दोन ठिकाणी झाळ द्यायला दुपार पुरली असती.

 मग गाबिर चहाचा पेला खाली ठेवून म्हणाला, "एक सांगायचं राहिलं, उस्ता. तिनं सांगू नको म्हटलं होतं, पण आता ती नाही."

"सांग."

"दुसऱ्या फेरीनंतर ती माझ्याकडे आली होती. विचारत होती, गाडीत हीटर चालूच ठेवावा लागतो, म्हणजे काय झालेलं असतं? मी सांगितलं, इंजिन तापत असणार. आत्ता येऊन बघतो म्हटलं. तिनं मला शपथ घातली. म्हणाली, तू गेलास तर त्याला लोकांत मान वर करता येणार नाही. तो स्वतः घेऊन येईल, थोडा वेळ दे त्याला."

मितवल्लीनं विचारलं, "आणि तू दिलास?"

"दिला," गाबिर म्हणाला. "रोज गॅरेजच्या दारात बसून वाट बघत होतो तुमची." आणि तो रडायला लागला.

मितवल्लीच्या हाताची कातडी पुढे गुलाबी, चकचकीत भरून आली, पण तळव्याला काही कळेनासं झालं. पुट्टी काय, रंग काय, सगळं सारखंच. लोक येत राहिले, तो नाही म्हणत राहिला. कुणी फारच गळ घातली तर एवढंच सांगायचा, गाबिरकडे जा. गाडी शेडच्या मागे चादरीखाली उभी होती. घ्यायला दोघे-तिघे आले. त्यातल्या एकानं चादर उचलून बॉनेटवर वाळलेला पंजा पाहिला. घासून पाहिलं तरी तो जाईना, रक्त तापलेल्या पत्र्यावर भाजून रंगात उतरलं होतं. बॉनेट रंगवून दिलं तर घेतो, म्हणाला. मितवल्लीनं त्याच्या हातातून चादर काढून घेतली आणि गाडी पुन्हा झाकली.

पुढच्या ऑगस्टमध्ये एका दुपारी त्यानं ती चादर ओढली. गाबिरनं ठाकठीक केलेली गाडी एका किल्लीत सुरू झाली. तो असियूतच्या रस्त्याला लागला. गावाबाहेरच्या पोलीस चौकीशी त्याला ओळखीच्या शिपायानं हात केला, तो थांबला नाही. घाटाचा पायथा आला. चढाच्या सुरुवातीलाच गाडी कडेला लावून तो ड्रायव्हरच्या जागेवरून उतरला, पलीकडे जाऊन तिच्या जागेवर बसला, काच जेवढी तेव्हा उघडी असायची तेवढी उघडी ठेवली. इंजिन चालूच होतं. काटा खाली, अगदी हवा तिथे. उंटांनी भरलेला एक ट्रक शेजारून रखडत चढाला लागला. त्यानं हात लांब करून हीटर पूर्ण सोडला, बरोबर आणलेलं ओलं फडकं तोंडावर घेतलं आणि डोळे मिटले.

त्याला असियूतपर्यंतचा वेळ तसं बसून काढायचा होता. जाण्याचा आणि येण्याचा.

पहिल्यांदा पाय पोळले. मग छाती भरून आली, फडकं सुकलं, श्वास घेतला की गरम हवाच आत जायची. कानात घणघण व्हायला लागलं. त्याच्या अंगात औषध नव्हतं, छातीत गाठ नव्हती, माणूस धडधाकट होता. त्यानं मनात तिला सांगितलं, थांब, बसतो. तेवढं सांगून होत नाही तोच त्याचा हात, तो काही न कळणारा हात, आपोआप पुढे गेला आणि त्यानं कळ बंद केली.

मितवल्लीनं डोळे उघडले. समोर बॉनेटवर तिचा पंजा होता. शेजारून गेलेला उंटांचा ट्रक अजून पहिल्या वळणापर्यंतही पोचला नव्हता.